धक्का नाही, दणका नाही, तरी ‘पॉइंट टू-टू’ पिस्तुलाचं लोकांना एवढं वेड का?

२२ ऑगस्ट २०१८. इंडोनेशियातलं पालेमबांग शहर. आशियाई स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची फायनल सुरू होती. कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून यांच्या पन्नास-पन्नास गोळ्या झाडून झाल्या, तरी गुण सारखेच. दोघींचे ३४. मग शूट-ऑफ झाला, त्यातही बरोबरी. शेवटी दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीनं बाजी मारली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

या प्रकाराचा कुठलाही व्हिडिओ काढून बघा, एक गोष्ट लगेच लक्षात येते. सिनेमात गोळी सुटली की हिरोचा हात खांद्यापर्यंत उडतो. इथं खेळाडू एका हाताने पिस्तूल वर उचलते, तीन सेकंदांच्या आत गोळी झाडते आणि पिस्तूल जेमतेम हलल्यासारखं वाटतं. हात खाली, पुन्हा वर, पुन्हा गोळी.

याचं कारण त्या पिस्तुलातली गोळी. तिला म्हणतात पॉइंट २२ लाँग रायफल. बोलीभाषेत ‘पॉइंट टू-टू’. ०.२२ इंच म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर जाडी. अख्खं काडतूस इंचभर लांब. पन्नास काडतुसांचं खोकं शर्टाच्या खिशात सहज जातं.

आपल्याकडे ही गोळी मेडलच्या बातमीपुरती भेटते. अमेरिकेत मात्र लाखो लोक ती ऑलिंपिकसाठी नाही, तर निव्वळ मजा म्हणून झाडतात. ज्यांच्या कपाटात मोठमोठी पिस्तुलं पडून असतात, तेही रविवारी रेंजवर जाताना हेच छोटं पिस्तूल उचलतात. मोठी गाडी दारात उभी असताना माणूस जुनी लूना काढून गावात चक्कर मारायला जातो, तसलाच हा प्रकार.

एवढं काय आहे तिच्यात? सुरुवात काडतुसाच्या बुडापासून करावी लागते.

टिकली फुटते तशी

पोलिसांकडे असतं तसलं ९ एमएमचं काडतूस उलटं करून बघितलं, तर बुडाला बरोबर मधोमध एक छोटी गोल टोपी बसवलेली दिसते. चाप ओढला की बंदुकीतली पिन त्या टोपीवर आपटते, टोपीतलं रसायन भडकतं आणि त्यानं पुंगळीतली दारू पेटते. पिन मध्यावर आपटते म्हणून याला सेंटरफायर म्हणतात.

पॉइंट २२ च्या बुडाला टोपीच नसते. तिथे पितळेची कड बाहेरच्या बाजूला वळवलेली असते आणि ती कड आतून पोकळ असते. धक्क्यानं पेटणारं रसायन त्या पोकळीत भरलेलं असतं. पिन कडेवर आपटते, कड चेपते, रसायन पेट घेतं. दिवाळीत टिकलीवर दगड मारला की ती फुटते, तत्त्व तेच. कडेला इंग्रजीत रिम म्हणतात, म्हणून या जातीचं नाव रिमफायर.

आता गंमत अशी, की या गोळीचे सगळे गुण आणि सगळे दोष या एका कडेतून येतात. पिनेच्या फटक्यानं कड चेपायची तर पितळ पातळ हवं. पितळ पातळ म्हणजे आत फार दाब निर्माण करून चालत नाही, नाहीतर पुंगळीच फाटेल. दाब कमी म्हणजे ताकद कमी, धक्का कमी. पॉइंट २२ ची शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, तर ९ एमएमची साडेसात-आठ ग्रॅमची. पिस्तुलातून सुटताना पॉइंट २२ ची ऊर्जा ९ एमएमच्या अंदाजे चौथ्या हिश्श्याइतकी भरते.

दोषही तिथलेच. एकदा कड चेपली की पुंगळी भंगारात. सेंटरफायरची पुंगळी नवी टोपी बसवून पुन्हा भरता येते, हिची नाही. शिवाय कडेत रसायन सगळीकडे सारखं पसरलं नसेल, तर कधीतरी चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि गोळी सुटतच नाही. अशा वेळी पिस्तूल तसंच लक्ष्याकडे रोखून अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण क्वचित गोळी उशिरानं सुटते. ‘काय झालं बघू’ म्हणून नळी स्वतःकडे वळवणारा माणूस रेंजवरून हाकलला जातो, आणि हाकलायलाच हवा.

ही कल्पना काही नवी नाही. १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर नावाच्या बंदूक कारागिरानं टोपी आणि छोटी गोळी एकत्र केली. हेतू लढाई नव्हताच. श्रीमंतांनी दिवाणखान्यात बसून नेमबाजी खेळावी, यासाठी तो खटाटोप होता. म्हणजे या गोळीचा जन्मच मुळी करमणुकीसाठी झाला. पुढे १८५७ साली अमेरिकेत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन या जोडीनं पॉइंट २२ शॉर्ट काडतुसाचं सात गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. अमेरिकी यादवी युद्धात अनेक सैनिकांनी ते स्वतःच्या पैशानं विकत घेऊन खिशात बाळगलं. आज चालते ती ‘लाँग रायफल’ आवृत्ती १८८७ ची. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तिचा साचा बदललेला नाही.

मजा नेमकी कशात?

नवशिक्याच्या हातात मोठं पिस्तूल दिलं की पहिल्या दोन-तीन गोळ्यांनंतर एक विचित्र गोष्ट घडते. दणका बसणार हे शरीराला कळलेलं असतं. त्यामुळे चाप पूर्ण ओढायच्या आधीच मनगट खाली दबतं, डोळे मिटतात, खांदा आखडतो. इंजेक्शनची सुई टोचायच्या आधीच दंड घट्ट होतो, तसं. गोळी खाली जाते आणि माणूस म्हणतो, पिस्तुलाचा नेमच वाकडा आहे.

ही खोड पकडायची प्रशिक्षकांची एक जुनी युक्ती आहे. ते नेमबाजाला न सांगता भरलेल्या गोळ्यांमध्ये एखादी खोटी गोळी मिसळून देतात. खोट्या गोळीवर चाप ओढला की आवाज होत नाही, धक्का बसत नाही, पण पिस्तुलाचं नाक मात्र खाली डुबकी मारतं. चूक कुणाची, हे सगळ्यांसमोर उघडं.

पॉइंट २२ मध्ये ही भीती बसायला जागाच राहत नाही. धक्का इतका कमी की डोळे उघडे राहतात, नेमाचा काटा सुटण्याच्या क्षणी कुठे होता ते दिसतं, आणि गोळी डावीकडे का गेली याचा हिशोब लागतो. बोट तिरकं पडलं, मूठ सैल होती, श्वास धरून फार वेळ ताटकळलो. प्रत्येक गोळी एक उत्तर घेऊन येते. दहा गोळ्यांतल्या तीन एकाच भोकाशेजारी पडल्या की माणूस अकरावी भरतोच. कॅरमच्या बोर्डावरून उठवत नाही, ते याच कारणानं.

दुसरं कारण सरळ खिशाचं. अमेरिकेत पॉइंट २२ ची एक गोळी साध्या ९ एमएम गोळीच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश किमतीत मिळते. पाचशे गोळ्यांच्या पॅकला तिथे ‘ब्रिक’ म्हणतात, म्हणजे वीट. एक वीट घेतली की दुपार निघून जाते.

आणि तिसरं कारण म्हणजे आवाज. गोळीचा नव्हे, लक्ष्याचा. कोल्ड्रिंकचे रिकामे डबे रांगेत मांडायचे आणि एकेक उडवायचा, या खेळाला अमेरिकेत ‘प्लिंकिंग’ म्हणतात. डब्यावर गोळी बसली की जो ‘प्लिंक’ आवाज येतो त्यावरून हे नाव पडलं. रेंजवर डब्यांच्या जागी पोलादी चकत्या टांगतात. गोळी लागली की ‘टण्ण’. कागदावरचं भोक बघायला दुर्बीण लागते, चकतीचा निकाल कानाला लगेच कळतो. गाव-शेतावर वाढलेल्या अनेक अमेरिकी मुलांची बंदुकीशी पहिली ओळख घरच्या मोठ्यांच्या देखरेखीखाली अशीच होते.

गॅरेजमधून निघालेलं पिस्तूल

या शौकाला घराघरात नेण्याचं श्रेय ज्याला द्यावं, तो माणूस म्हणजे विल्यम रुगर. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या एका सैनिकाकडून त्याच्या हाती जपानी नंबू पिस्तूल आलं. ते खोलून, अभ्यासून रुगरनं आपल्या गॅरेजमध्ये तसलीच पिस्तुलं बनवून पाहिली. जपानी नकलेत त्याला रस नव्हता, त्यातली एक गोष्ट मात्र त्यानं उचलली. बहुतेक पिस्तुलांचा वरचा अख्खा भाग गोळी सुटताना मागे-पुढे सरकतो. नंबूमध्ये आतला दांडा मागे-पुढे सरकतो. रुगरनं नेमाचे काटेही न हलणाऱ्या भागावर बसवले. साहजिकच नेम पक्का.

पैसा आणला अलेक्झांडर स्टर्म या मित्रानं, ५० हजार डॉलर. १९४९ साली कनेक्टिकट राज्यातल्या साउथपोर्टमध्ये ‘स्टर्म, रुगर’ कंपनी सुरू झाली आणि ‘रुगर स्टँडर्ड’ पिस्तूल ३७.५० डॉलरला बाजारात आलं. तेव्हा नावाजलेलं पॉइंट २२ पिस्तूल म्हणजे जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनचं, १९१५ पासून चालत आलेलं कोल्ट वूड्समन. ते घोटीव काम होतं आणि किंमतही तशीच. रुगरनं पिस्तुलाची मूठ पत्र्याचे दोन भाग दाबून, ते वेल्डिंगनं जोडून बनवली आणि खर्च कापला. दिसायला जर्मन लुगरसारखं रुबाबदार, किंमत कामगाराला परवडेल अशी. पिस्तूल तुफान चाललं.

स्टर्म १९५१ मध्ये अगदी तरुण वयात वारला. मुठीवरच्या गरुडाच्या चिन्हाचा लाल रंग त्यानंतर काळा करण्यात आला, तो त्याच्या आठवणीखातर.

या पिस्तुलाची एक खोड मात्र जगप्रसिद्ध आहे. साफसफाईसाठी खोलायला सोपं, परत जोडताना घाम फोडणारं. पिस्तूल ठरावीक कोनात तिरकं धरा, आतला घोडा अमुक जागी पडू द्या, मग पट्टी आत सरकवा. एक पायरी चुकली की सगळं अडकलं. कित्येकांनी तर वर्षानुवर्षं ते खोललंच नाही, नळी वरवर पुसून ठेवून दिलं. कंपनीला याचा उपाय सापडला २०१६ साली, ‘मार्क फोर’ मॉडेलमध्ये. एक बटण दाबा, पिस्तूल दोन भागांत. तब्बल ६७ वर्षांनी!

बाकी नावंही आहेत. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ म्हणजे स्पर्धेतल्या अमेरिकी नेमबाजांचं जुनं लाडकं. ब्राउनिंगचं बकमार्क १९८५ पासूनचं. काउबॉय स्टाइलची हौस असेल त्यांच्यासाठी रुगरचंच १९५३ चं सिंगल-सिक्स रिव्हॉल्व्हर, ज्यात प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो. ते हळू चालतं, आणि त्याचे चाहते म्हणतात की म्हणूनच ते हवं.

या शौकाला एकदा जबर फटका बसला. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हुक शाळेतल्या हत्याकांडानंतर नवे कडक कायदे येणार या भीतीनं अमेरिकेत लोकांनी बंदुका-गोळ्यांचा साठा सुरू केला. सगळ्यात जास्त काळ गायब राहिली ती हीच, सगळ्यात स्वस्त गोळी. पुढची काही वर्षं दुकानदार एका गिऱ्हाइकाला एक-दोनच खोकी देत होते.

‘छोटी आहे, काय होणार’ म्हणणाऱ्यांसाठी

पॉइंट २२ बद्दल सगळ्यात घातक समज एकच, की ही जवळजवळ खेळण्यातली बंदूक. काडतुसांच्या खोक्यावरच सूचना छापलेली असते की गोळी दीड मैल, म्हणजे सुमारे अडीच किलोमीटर जाऊ शकते. दगडावर, पाण्यावर आपटली तर ती भलतीकडे उसळते.

आणि इतिहास बघा. ५ जून १९६८ च्या मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी सरहान सरहानच्या हातात होतं आयव्हर जॉन्सन कंपनीचं आठ गोळ्यांचं पॉइंट २२ रिव्हॉल्व्हर. केनेडी दुसऱ्या दिवशी गेले, आणखी पाच जण जखमी झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झालेली होती. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेनं ‘गन कंट्रोल ॲक्ट’ केला. दुकानातून पिस्तूल घ्यायचं तर वय २१ हवं, हा नियम त्यातला. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या स्वस्त छोट्या पिस्तुलांवरही त्यानं बंधनं आणली.

मग जर्मनीच्या रोम कंपनीनं पळवाट काढली. अख्खं रिव्हॉल्व्हर पाठवता येत नाही ना, मग सुटे भाग पाठवायचे आणि मायामीत जोडायचे. असंच एक जोडलेलं पॉइंट २२ चं आरजी-१४ रिव्हॉल्व्हर घेऊन जॉन हिंकली ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलबाहेर उभा राहिला. दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना एकही थेट लागली नाही. एक गाडीवर आपटून उसळली, काखेखालून आत शिरली आणि हृदयापासून साधारण इंचभर अंतरावर थांबली. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी गेली. ते वाचले, पण आयुष्यभरासाठी अपंग झाले.

ब्रॅडी आणि त्यांच्या पत्नी सारा यांनी पुढची कैक वर्षं एकाच मागणीसाठी घालवली. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासा. १९९३ मध्ये ‘ब्रॅडी कायदा’ मंजूर झाला आणि १९९८ पासून ही तपासणी देशभर दुकानातल्या दुकानात होऊ लागली. म्हणजे आज अमेरिकेत एखादा शौकीन डबे उडवायला रुगर मार्क फोर विकत घ्यायला जातो, तेव्हा काउंटरवर दुकानदार जी चौकशी करतो, ती एका पॉइंट २२ रिव्हॉल्व्हरमुळेच सुरू झाली. खासगी माणसाकडून घेताना मात्र अनेक राज्यांत अजूनही ही तपासणी लागत नाही, आणि त्यावरून तिथे आजतागायत भांडण चालू आहे.

रेंजवरचे नियम म्हणूनच गोळीचा आकार बघत नाहीत. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं धरून चालायचं, नळी सुरक्षित दिशेला, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर, लक्ष्याच्या मागे काय आहे ते ठाऊक हवं. ‘आवाज बारीक आहे’ म्हणून कानावर काही न लावणं हाही मूर्खपणाच, कारण बंद रेंजमध्ये हा आवाजही कान बिघडवायला पुरेसा असतो. डोळ्यांवर चष्मा लागतोच. आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे शिसं. या गोळ्या बहुतेक उघड्या शिशाच्या असतात, हाताला आणि कपड्याला त्याची धूळ लागते. रेंजवरून निघाल्यावर वडापाव खायचा असेल तर आधी साबणानं हात धुवायचे.

भारतात हे शक्य आहे का?

डबे उडवायला म्हणून पिस्तूल घेणं आपल्याकडे जमत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, त्यासाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात आणि कारण पटवून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनं सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आणली. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच दुरुस्तीतलं.

पण फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे या कायद्यात पॉइंट २२ चा उल्लेख नावानिशी आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट २२ ची रायफल हवी असेल, तर कलम १३ मध्ये त्याची वेगळी तरतूद आहे. त्यात रायफल आहे, पिस्तूल नाही. पिस्तुलाचा रस्ता लांबचा, आणि तो बहुतेक वेळा स्पर्धेतून जातो.

म्हणूनच महाराष्ट्रात ही गोळी ज्यांच्या हातात दिसते ते खेळाडू असतात. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. या दोघांच्या रायफलीत आणि राहीच्या पिस्तुलात काडतूस एकच, पॉइंट २२ लाँग रायफल.

हौस असेल तर सुरुवात रायफल क्लबमधून होते, आणि तीही पॉइंट २२ नं नव्हे. आधी १० मीटरवरून एअर पिस्तूल, साडेचार मिलिमीटरचा छर्रा, दारू नाही, स्फोट नाही. कित्येक महिने हात स्थिर धरणं आणि चाप न हिसकता ओढणं एवढंच शिकवतात. प्रशिक्षकाला हात बसलेला दिसला, कागदपत्रं पूर्ण झाली, की मग एखाद्या दिवशी २५ मीटरच्या रेंजवर क्लबचं पिस्तूल पुढे ठेवतात आणि शेजारी पाच छोटी पितळी काडतुसं.